परवान्यापूर्वीचा संशोधक

विल्यम ब्रूक ओशॉनेसी हे नाव आपल्याकडे आठवलेच तर तारायंत्राच्या संदर्भात आठवते. लॉर्ड डलहौसींच्या कारकीर्दीत कलकत्त्याहून आग्रा, मुंबई व मद्रासपर्यंत तारा पोहोचविणारा हा गृहस्थ मूळचा वैद्य होता, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

आयर्लंडमधील लिमरिकच्या या तरुणाने १८२९ साली एडिंबरोची पदवी मिळविली. दोनच वर्षांनी इंग्लंडात पटकी शिरली. रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण करून त्यातील पाणी व क्षार घटतात, हे त्याने दाखविले. त्याच आधारे टॉमस लॅटा या वैद्याने १८३२ मध्ये शिरेतून क्षारजल दिले. आजच्या सलाइनचे मूळ ते हेच.

१८३३ साली कंपनीच्या नोकरीत बंगालला आलेला ओशॉनेसी पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. बाजारात राजरोस मिळणाऱ्या गांजाकडे त्याचे लक्ष वेधले. त्याने पंडितांना व हकिमांना विचारले, जुन्या ग्रंथांतील उल्लेख गोळा केले. पण तेवढ्यावर विश्वासला नाही. आधी प्राण्यांवर आणि मगच संधिवात, धनुर्वात, आचके यांच्या रुग्णांवर त्याने प्रयोग केले व १८३९ मध्ये निष्कर्ष मांडले. चाळीस दिवसांच्या एका बालकाचे आचके थांबले. श्वानदंशाचा रुग्ण वाचला नाही. मात्र अखेरच्या काळात त्याच्या यातना सौम्य झाल्या. संधिवाताच्या एका रुग्णाचे हातपाय ठेवावे तसेच ताठ राहू लागले, ही घाबरविणारी घटनाही त्याने लपविली नाही. त्याच्या नोंदींचे खरे मोल या प्रांजळपणात आहे.

१८४१ मध्ये त्याने ही वनस्पती इंग्लंडला नेली. अर्काची मात्रा मात्र कधी प्रभावी, तर कधी निकामी ठरे. कारण त्यातील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे होऊन त्याची रचना निश्चित झाली ती १९६४ मध्ये, इस्राएलमध्ये. तत्पूर्वीच, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाला सर्वांत कडक अनुसूचीत टाकले होते. द्रव्याची ओळख पटण्याआधीच निकाल लागला, असे म्हणणे भाग आहे.

ओशॉनेसीला १८५६ साली 'सर' ही पदवी मिळाली ती तारांसाठी. १८८९ मध्ये तो साउथसी येथे निवर्तला. त्यानंतर पाचच वर्षांनी सरकारी भांग-गांजा आयोगाने सरसकट बंदीची शिफारस नाकारली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला त्या कडक अनुसूचीतून वगळले. भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. आपला १९८५ चा कायदाही वैद्यकीय व वैज्ञानिक उपयोगाला वाव ठेवतो, परंतु परवान्याच्या वाटेने, आणि लागवडीची परवानगी राज्याच्या हाती. गंमत अशी की भांगेचे नुसते पान या कायद्याच्या व्याख्येत येतच नाही. अडते ते फुलोरा तपासू पाहणाऱ्या प्रयोगशाळेचे. व्यसनाचा धोका खरा आहे आणि विक्रीवर पहारा हवाच. संशोधनाच्या अर्जांसाठी मात्र ठराविक मुदत, एकच खिडकी आणि प्रमाणित नमुन्यांचा पुरवठा एवढे केंद्राने व राज्यांनी मिळून ठरविण्यास हरकत नसावी.