दगडातले शेजारी

मी डिचोलीचा. आमच्याकडचा दगड दोनशे कोटी वर्षांहून जुना. तेव्हा प्रवाळ जन्मलेच नव्हते, त्यामुळे खाणीत कितीही खणा, त्यांचा जीवाश्म मिळायचा नाही. पण जागेसाठीची त्यांची मारामारी समजून घ्यायची तर ओहोटीला पेडण्यात हरमलच्या खडकांवर जावं. कालवांवर कालवं चिकटलेली! फर्डिनांड स्टोलिच्काबद्दल वाचताना मला तेच खडक आठवत होते.

स्टोलिच्का 1838 साली मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक देशात, जन्मला. वडील आर्चबिशपच्या जंगलाची देखभाल करायचे. प्राग आणि व्हिएन्नाला शिकून 1862 मध्ये तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आला. तिरुचिरापल्ली-अरियलूर भागात सात ते अकरा कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता. त्यातले जीवाश्म कलकत्त्यात जमले होते. शंख, शिंपले करत करत 1873 पर्यंत तो प्रवाळांपाशी पोचला. चार जाडजूड खंड झाले. पगारी नोकरीत एवढं काम कोण करतो?

असा दगड वाचणं सोपं नसतं. जिवंत प्रवाळ शेजाऱ्यावर चक्क आपल्या पोटातले तंतू सोडतो आणि त्याला पचवतो. दगडात तंतू उरत नाहीत, उरते फक्त दोघांमधली शीव. खालच्या प्रवाळाचा पृष्ठभाग झिजलेला, किड्यांनी पोखरलेला असेल तर वरचा नंतर आला. मेलेल्याच्या घरात बिऱ्हाड केलं, एवढंच. पण खालच्याची कड उचललेली, वाढ वळलेली दिसली तर दोघे एकाच वेळी जिवंत होते आणि भांडत होते. शीव नीट पाहिली नाही तर दोन प्रवाळ एकच समजून मोकळे व्हाल.

हे टेबलावरचं काम करणारा माणूस हिमालयातही भटकायचा. स्पितीच्या मोहिमांत तब्येत बिघडली, तरी 1873 मध्ये तो फोर्सिथच्या यारकंद मोहिमेत गेला. मला हा हट्ट पटत नाही, पण हेवा वाटतो. परतताना काराकोरम खिंड ओलांडल्यावर डोकं असह्य दुखू लागलं, आणि 19 जून 1874 ला मुर्गोला तो गेला. वय जेमतेम छत्तीस. त्याला लेहमध्ये पुरलं. पुढे तिथे जे ख्रिस्ती मिशन आलं, तेही मोरेव्हियनच, म्हणजे मुळात त्याच्याच मुलखातलं.