गांधीजींचा पोशाख

माणूस कपडे कशासाठी घालतो? थंडी-वाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून, हे तर खरेच. पण लोकांनी आपल्याला काय समजावे, हाही विचार त्याच्या मनात असतो. महात्मा गांधींचा पोशाख वेळोवेळी बदलत गेला. त्यांचे मन कसे घडत गेले, हे त्यावरून समजते.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातमधील पोरबंदर येथे झाला. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला गेले. बोटीतून उतरताना त्यांनी पांढरा फ्लॅनेलचा सूट घातला होता. तसे कपडे घातलेले ते एकटेच होते. त्यांना फार लाज वाटली. मग त्यांनी साहेबी थाट सुरू केला. १९ शिलिंगांची उंच हॅट घेतली, १० पौंडांचा सूट शिवला. टाय बांधण्यात आणि भांग पाडण्यात त्यांची रोज दहा मिनिटे आरशासमोर जात. आपण चारचौघांत वेगळे दिसू नये, यासाठी ही धडपड होती.

१८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. डरबनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने त्यांना पगडी उतरवायला सांगितली. गांधीजींनी नकार दिला आणि ते कोर्टाबाहेर पडले. असा अपमान पुन्हा होऊ नये म्हणून इंग्रजी हॅट घालावी, असे त्यांच्या मनात आले. पण अब्दुल्ला शेठना ते पटले नाही. गांधीजींनी हॅट घातली, तर पगडीचा आग्रह धरणाऱ्या इतर हिंदी लोकांची बाजू दुबळी होईल, असे त्यांनी समजावले. पगडी आता एकट्या गांधीजींची राहिली नव्हती. ती सर्वांच्या मानाची खूण झाली होती.

१९१५ साली गांधीजी काठेवाडी पोशाखात मायदेशी परतले. १९१७ साली ते बिहारमधील चंपारण्यात काम करत होते. तेथे कस्तुरबांनी एका बाईला साडी रोज का धूत नाही, असे विचारले. तिने त्यांना आपल्या झोपडीत नेले. अंगावरच्या साडीशिवाय तिच्याजवळ दुसरी साडीच नव्हती.

३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे गांधीजींनी विदेशी कापडाची होळी केली. पण त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. खादी घेण्याइतके पैसे नाहीत, असे गरीब लोक त्यांना सांगत. मग त्यांनी काय नेसावे? इतरांना थोड्या कपड्यांत राहायला सांगायचे आणि आपण मात्र पूर्ण पोशाखात फिरायचे, हे गांधीजींना पटेना. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे त्यांनी सदरा व टोपी सोडली आणि फक्त आखूड पंचा नेसला. आपल्या सहकाऱ्यांनी मात्र तसे करावे, असा आग्रह त्यांनी धरला नाही.

हा निश्चय सुरुवातीला ३१ ऑक्टोबरपर्यंतचाच होता. पण तो आयुष्यभर टिकला. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले. तेव्हा बादशहा पंचम जॉर्ज यांच्या राजवाड्यातही ते पंचा नेसून व चादर पांघरूनच गेले. वेगळे दिसण्याची ज्या देशात त्यांना एकदा लाज वाटली होती, तेथेच ते आता निःसंकोचपणे वावरले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली, तोपर्यंत त्यांचा पोशाख तसाच साधा राहिला.