आरशापुढची दहा मिनिटे : तरुण गांधीजींची गोष्ट



हल्ली मुलं एक फोटो स्टेटसला ठेवण्याआधी दहा फोटो काढतात. चारचौघांत आपण चांगलं दिसावं ही इच्छा वाईट नाही. पण आपण जे आहोत आणि जे दाखवतो, यात अंतर वाढलं की मनावर ओझं येतं. उपदेश केला तर हे मुलांना पटत नाही, गोष्ट सांगितली तर पटतं. म्हणून आज महात्मा होण्याआधीच्या मोहनदास गांधींची गोष्ट पाहू.

साहेब होण्याचा खटाटोप

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. तेराव्या वर्षी कस्तुरबांशी लग्न झालं. बॅरिस्टर होण्यासाठी ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले, तेव्हा घरी तान्हा मुलगा होता. स्वभाव अतिशय लाजाळू. इंग्लंडला उतरताना शोभून दिसावं म्हणून त्यांनी पांढरा फ्लॅनेलचा सूट मुद्दाम राखून ठेवला होता. बोटीतून उतरून पाहतात तर तसे कपडे घातलेले ते एकटेच! अगदी ओशाळून गेले.

पुढे मांस खात नाही म्हणून एका मित्रासमोर खाली बघायची वेळ आली. ही उणीव भरून काढायला त्यांनी पक्का इंग्रज 'जंटलमन' व्हायचं ठरवलं. दहा पौंडांचा सूट शिवला, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, भावाकडून घड्याळाची सोन्याची दुपदरी साखळी मागवली. नाच, व्हायोलिन आणि वक्तृत्व यांच्या शिकवण्या लावल्या. रोज दहा मिनिटं आरशापुढे टाय बांधण्यात आणि भांग पाडण्यात जायची. नाचात मात्र पाऊल तालावर पडेना!

सुमारे तीन महिन्यांनी त्यांचे डोळे उघडले. आपण विद्यार्थी आहोत, भावाच्या पैशांवर शिकतोय, मग हे कशासाठी? त्यांनी शिकवण्या बंद केल्या. व्हायोलिनच्या शिक्षिकेला स्वतः भेटून सगळं खरं सांगितलं आणि व्हायोलिन येईल त्या किमतीला विकून टाकायची विनंती केली. त्या बाईंनी त्यांना धीरच दिला.

लपवलेलं लग्न

याहून मोठं ओझं वेगळंच होतं. त्या काळी इंग्लंडमधले बरेच हिंदी विद्यार्थी आपलं लग्न झाल्याचं लपवत. गांधीजींनीही तेच केलं. ब्रायटनला ओळख झालेल्या एक वयस्कर बाई त्यांना लंडनमध्ये दर रविवारी जेवायला बोलवत. हा मुलगा अविवाहित आहे असं समजून त्या तरुण मुलींशी त्याची ओळख करून देऊ लागल्या. एका मुलीशी त्यांना मुद्दाम बोलत बसवू लागल्या. गांधीजींची घालमेल सुरू झाली. खरं सांगितलं तर हे प्रेमाचं घर तुटेल, नाही सांगितलं तर त्या मुलीची फसवणूक होईल.

शेवटी त्यांनी पत्र लिहिलं. माझं लहानपणीच लग्न झालंय, एक मुलगाही आहे, हे लपवल्याबद्दल मला माफ करा, असा त्याचा आशय होता. ते पत्र त्यांनी कितीदा तरी पुन्हा लिहून काढलं. उलट टपाली उत्तर आलं. बाई रागावल्या नव्हत्या, उलट मनापासून हसल्या होत्या, आणि रविवारचं आमंत्रण कायम होतं! गांधीजींच्या छातीवरचा दगड उतरला.

पुढचा प्रवास

म्हणून लाजाळूपणा लगेच गेला असं नाही. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, तेव्हा डोकं गरगरलं आणि एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि तीस रुपये फी परत केली. पुढे १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियातल्या हिंदी व्यापाऱ्यांसमोर मात्र ते नीट बोलले. विषय होता, व्यापारातला खरेपणा. मला वाटतं, मी कसा दिसतोय यावरचं लक्ष आता लोकांच्या अडचणींकडे वळलं होतं.

नीटनेटका पोशाख त्यांनी पुढेही बरीच वर्षं ठेवला. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी गरिबांसारखा पंचा नेसायला सुरुवात केली. १९३१ मध्ये इंग्लंडच्या राजाला भेटायलाही ते त्याच वेशात गेले. ज्या देशात एका सुटापायी ओशाळले, तिथेच आता त्यांना संकोच उरला नव्हता.

मुलांशी काय बोलावं?

चांगले कपडे घालू नका, असं या गोष्टीतून सांगायचं नाही. वर्गात किंवा घरी एवढंच विचारावं : आपण काय लपवतो, आणि ते कोणाच्या भीतीने? मुलाने खरं सांगितलं, तर त्या बाईंसारखं वागायचं काम आपलं आहे. आमंत्रण कायम ठेवायचं.