अंकुराचे चित्रकार : कै. दादासाहेब फाळके

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचें नांव लहानथोरांस ठाऊक आहे. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटाची कीर्तिही बहुतेकांनीं ऐकलेली असते. परंतु त्या मूकपटाच्या आधीं त्यांनीं एक अगदीं चिमुकलें चित्र तयार केलें होतें. त्यांत राजा नव्हता, राणी नव्हती. होता तो केवळ वाटाण्याचा एक अंकुर. लहान वस्तूकडे जवळून पाहणें म्हणजे काय, त्यास कोणतीं साधनें लागतात आणि किती धीर लागतो, हें त्या अंकुरावरून फार चांगलें कळतें. म्हणून दादासाहेबांचें चरित्र आम्ही येथें त्याच्याच अनुरोधानें सांगणार आहों.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथें झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. मुलाचा ओढा मात्र प्रथमपासून चित्रकलेकडे. १८८५ सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले व पुढें बडोद्याच्या कलाभवनांत गेले. तेथें चित्रकलेबरोबर त्यांनीं छायाचित्रणाचा अभ्यास केला, आणि प्रो. गज्जर यांनीं त्यांची हौस पाहून तेथील छायाचित्रशाळा त्यांच्या हवालीं केली. भिंग, अंधारी खोली आणि रसायनें यांशीं त्यांची जी मैत्री तेथें जडली, ती जन्मभर टिकली.

संसारांत मात्र त्यांस लवकरच मोठा आघात सोसावा लागला. गोध्रा येथें त्यांनीं छायाचित्रणाचा धंदा मांडला होता. तेथें १९०० सालच्या प्लेगांत त्यांची पत्नी व अपत्य दोघेंही दगावलीं. तें गांव त्यांनीं सोडलें. पुढील कांहीं वर्षांत त्यांनीं किती उद्योग केले! जादूचे प्रयोग शिकून ते आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटून 'प्रोफेसर केल्फा' या नांवानें करीत. पुराणवस्तु खात्यांत नोकरी केली. ती सोडून लोणावळ्यास ठसे तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. रंगीत छपाईचें ज्ञान मिळविण्यासाठीं ते १९०९ सालीं जर्मनीसही जाऊन आले. पण भागीदाराशीं मतभेद होऊन तो भरभराटीचा धंदाही त्यांनीं सोडून दिला, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर हा गृहस्थ पुन्हां रिकाम्या हातांनीं उभा राहिला.

अशा स्थितींत १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. पडद्यावर तें चरित्र हालतांना पाहून त्यांच्या मनांत राम आणि कृष्ण यांचीं चरित्रें उभीं राहिलीं, व हें काम आपल्या देशांत आपणच करावें असा त्यांनीं निश्चय केला. लहान यंत्र व फिल्मच्या गुंडाळ्या विकत आणून ते रात्रीं मेणबत्तीचा उजेड भिंगांतून भिंतीवर पाडीत आणि चित्रें न्याहाळीत बसत. या अतिश्रमाचा परिणाम असा झाला कीं त्यांची दृष्टिच जाण्याची वेळ आली. ज्यास जगाला दाखवावयाचें होतें, त्यालाच दिसेनासें झालें. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनीं आणि चष्म्यांच्या साह्यानें ती संकटवेळ टळली. परंतु डोळे सुधारतांच दादासाहेब पुन्हां त्याच कामास लागले.

पुढील अडचण पैशाची. आपलीं बारा हजार रुपयांचीं विमापत्रें तारण ठेवून त्यांनीं दहा हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्यें विलायतेचा प्रवास केला. लंडनमध्यें 'बायोस्कोप' पत्राच्या संपादकांनीं प्रथम त्यांस या धंद्यांत न पडण्याचा सल्ला दिला. पण त्यांची तळमळ पाहून मदतही केली. सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंत त्यांस चित्रपट कसे घेतात हें पाहावयास मिळालें. सुमारें पन्नास पौंडांस त्यांनीं विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म व तिच्या कडेला छिद्रें पाडण्याचें यंत्र यांची मागणी नोंदविली, आणि एप्रिलमध्यें ते परत आले.

यंत्र आलें, पण मोठा मूकपट काढण्यास लागणारें भांडवल कोणी द्यावें? जी गोष्ट या देशांत तोंवर फारशी कोणी केली नव्हती, तिच्यावर धनिकांचा विश्वास कसा बसावा? तेव्हां दादासाहेबांनीं कुंडींत वाटाणे पेरले व समोर कॅमेरा रोवून ठेवला. बीज फुटणें, कोंब वर येणें, पानें उघडणें, वेल चढणें, या सर्व अवस्था त्यांनीं महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या टिपल्या आणि सुमारें मिनिटभराच्या चित्रांत त्या सर्व बसविल्या. या चित्राचें नांव 'अंकुराची वाढ'.

यांतील गणित विद्यार्थ्यांनीं करून पाहण्याजोगें आहे. मूकपटाच्या काळीं दर सेकंदास साधारणपणें १६ चित्रें घेतलीं जात. म्हणजे एका मिनिटास ९६० चित्रें लागतात. तीं तीस दिवसांत वांटलीं तर रोज ३२ चित्रें येतात. नेहमींच्या वेगानें पाहिलें तर त्या महिन्याचें दृश्य दोन सेकंदांत एका दिवसाइतकें धांवतें! पण ही गति दाखवावयाची तर मधल्या सर्व काळांत कॅमेरा केसभरही हलतां कामा नये. हलला तर पडद्यावर वेल उड्या मारतो. उजेडही शक्य तितका सारखा हवा. तो कमीअधिक झाला तर चित्र लुकलुकतें. एक दिवसाची हयगय महिन्याचें काम बिघडविते.

वस्तु लहान असली म्हणजे आणखी अडचणी येतात. ती भिंगाच्या जसजशी जवळ आणावी, तसतसें भिंग फिल्मपासून पुढें सरकवावें लागतें. त्यासाठीं जुन्या कॅमेऱ्यांस लांब होणारा भाता असे. वस्तूचें चित्र मूळ आकाराएवढेंच उमटवावयाचें असेल, तर ५० मिलिमीटर नाभीय अंतराचें भिंग वस्तूपासून १०० मिलिमीटरांवर आणि फिल्मपासूनही १०० मिलिमीटरांवर असावें लागतें. अशा वेळीं फिल्मवर पडणारा प्रकाश चौथाईवर येतो, आणि वस्तूचा एवढासाच भाग स्पष्ट उमटतो. माशीचे डोळे रेखीव आले तर पंख धूसर राहतात. भिंगाचें छिद्र बारीक केल्यास स्पष्टता वाढते, पण प्रकाश आणखी घटतो. वाटाण्याच्या वेलासाठीं इतकें जवळ जावें लागत नाहीं. कीटकासाठीं मात्र जावेंच लागतें, आणि कीटक कुंडींतल्या रोपाप्रमाणें जागेवर थांबतही नाहीं.

तीं वर्षेंच या उद्योगाचीं होतीं. विलायतेंत पर्सी स्मिथ नांवाचे एक कारकून फावल्या वेळांत घरीं हेंच काम करीत. १९१० सालीं त्यांनीं उमलणाऱ्या फुलांचें चित्र काढलें, आणि त्याच सुमारास पाठीवर ठेवलेली माशी पायांनीं काडी व चेंडू कसे फिरविते तेंही पडद्यावर दाखविलें. प्रेक्षक थक्क झाले. घरगुती वस्तूंपासून यंत्रें जुळविणारा तो कारकून आणि कुंडीसमोर महिनाभर तपश्चर्या करणारे दादासाहेब हे वृत्तीनें एकाच कुळींचे होते.

अंकुरानें आपलें काम केलें. तें चित्र पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहरे आदि गृहस्थ कर्ज देण्यास तयार झाले. तरी पैसा अपुराच पडला, तेव्हां पत्नी सरस्वतीबाईंनीं आपले दागिने पुढें केले. त्यांचें साह्य एवढ्यावरच थांबलें नाहीं. अंधारांत फिल्मला छिद्रें पाडणें, ती धुणें आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हीं कामें त्या माउलीनें बिनबोभाट केलीं. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्या यशाचा अर्धा वाटा सरस्वतीबाईंचा, असें आम्हांस वाटतें.

पुढें दादासाहेबांनीं नाशिकास बिऱ्हाड हलवून पुष्कळ चित्रपट काढले. १९१७ सालच्या 'लंकादहना'नें तर लोकांची झुंबड उडविली. मोठ्या पटांबरोबर 'आगकाड्यांची मौज' यासारखीं लहान चित्रेंही ते काढीत राहिले; एकेक काडी हलवून ती जिवंत भासविण्याची ही कला अंकुराच्याच पद्धतीची. परंतु व्यवहार त्यांस कधीं साधला नाहीं. भागीदारांशीं तंटे झाले, बोलपट आले, आणि 'गंगावतरण' या १९३७ सालच्या बोलपटानंतर त्यांचें नांव मागें पडलें. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें ते निवर्तले. ज्यांनीं एवढा मोठा धंदा उभा केला, त्यांच्या अखेरच्या दिवसांत समाजानें त्यांची आठवण ठेवली नाहीं, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्या नांवाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनीं.

आज कॅमेरा मोबाइलमध्यें बसून घरोघर आला आहे. दादासाहेबांस पन्नास पौंड व विमापत्रें घालून जें मिळवावें लागलें, तें पुष्कळांच्या खिशांत आहे. पिंप्राळ्याच्या आसपासच्या शेतांत कपाशीवर मावा, तुडतुडे आणि बोंडअळी यांना तोटा नाहीं. शेतकऱ्याचा घास काढून घेणारे हे जीव कोठें अंडीं घालतात, कोठून बोंड पोखरतात, हें जो विद्यार्थी रोज त्याच वेळीं, त्याच रोपासमोर बसून टिपील, त्याचें काम घरच्या शेतासही उपयोगी पडेल. साधनांची वाण आतां राहिलेली नाहीं. कुंडीसमोर महिनाभर बसण्याची दादासाहेबांची चिकाटी मात्र बाजारांत विकत मिळत नाहीं. ती ज्याची त्यानेंच अंगीं बाणविली पाहिजे.