वडिलांना नोकरी, मगच प्रवेश! जेसी ओवेन्स यांना कॉलेजने काय दिलं, काय नाही?

चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकणाऱ्या धावपटू जेसी ओवेन्स यांना कॉलेजची स्पोर्ट्स स्कॉलरशिप नव्हती, हे अनेकांना माहीत नसेल.

१९३३ मध्ये क्लीव्हलँडच्या शाळेत शिकताना त्यांनी १०० यार्डांचं अंतर ९.४ सेकंदांत कापून विश्वविक्रमाची बरोबरी केली. मग अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांकडून बोलावणं आलं. पण घर कसं चालणार? वडिलांना नोकरी मिळाली, तेव्हाच त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला.

शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी लिफ्ट चालवण्यासारखी कामं केली. कृष्णवर्णीय असल्यानं त्यांना कॅम्पसबाहेर राहावं लागलं. याच विद्यापीठाकडून खेळताना २५ मे १९३५ रोजी त्यांनी पाऊण तासात तीन विश्वविक्रम मोडले आणि एकाची बरोबरी केली.

१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकनंतर युरोप दौरा अर्धवट सोडल्यानं अमेरिकी अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं त्यांना निलंबित केलं. कॉलेजच्या संघाकडून धावणं तिथेच थांबलं. पदवीही कधी पूर्ण झाली नाही. ज्या विद्यापीठानं त्यांना राहायला खोली दिली नव्हती, त्यानंच १९७२ मध्ये मानद डॉक्टरेट दिली. आठ वर्षांनी, १९८० मध्ये त्यांचं निधन झालं.