सी. के. नायडू : षटकार आणि विकेटची किंमत

सेहवाग मोठा की रोहित, यावर मेसमध्ये ताट वाळेपर्यंत भांडणारे आपण! पण भारताचा पहिला षटकारवीर आपल्याला माहीत असतो तो फक्त पुरस्काराच्या नावापुरता. तो म्हणजे कर्नल सी. के. नायडू.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलचा बादशहा बेब रूथ हाही १८९५ चाच. दोघंही उंच फटक्यांसाठी गाजले. पण दोघांच्या खेळात आऊट होण्याचा भाव वेगवेगळा होता, आणि नायडूंचं मोठेपण तिथंच कळतं.

बेसबॉलमध्ये एका डावात संघाचे तीन गडी बाद झाले की डाव संपतो, असे नऊ डाव. बाद झालेला बॅटर घरी जात नाही, एका सामन्यात साधारण चार वेळा तरी त्याची पाळी येते. त्यामुळे रूथला ७१४ होमरनसाठी १३३० वेळा स्ट्राइकआऊट होणं परवडलं. स्ट्राइकआऊट दिसायला वाईट, पण त्यात बहुधा एकच गडी जातो. पहिल्या बेसवर धावपटू असताना बॅटरने चेंडू जमिनीवरून सरळ क्षेत्ररक्षकाकडे मारला, तर एका फटक्यात दोन गडी जाऊ शकतात. उलट तिसऱ्या बेसवर धावपटू असेल आणि दोनपेक्षा कमी गडी बाद असतील, तर लांबवर उडालेल्या झेलावर बॅटर बाद होऊनही धाव मिळू शकते. म्हणजे आऊट आणि आऊट सारखे नसतात!

क्रिकेटमध्ये मात्र एकदा गेलात की डाव संपेपर्यंत पॅव्हेलियन. त्रिफळा, झेल, पायचीत, सगळ्यांत विकेट एकच. पण २० वर ३ असताना उंच झेल देणं आणि ३०० वर ३ असताना देणं, यात जमीन-अस्मानाचा फरक. आणि चुकीच्या कॉलवर जमलेला जोडीदार धावबाद झाला, तर ती किंमत दुसऱ्याच्या खात्यातून जाते. भिवंडीच्या गल्ल्यांत चेंडू कारखान्याच्या पत्र्यावर गेला की आऊट, हा नियम खेळलेल्यांना तर हे सांगायलाच नको.

आता १९२६ चा डिसेंबर पाहा. बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाविरुद्ध आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ. नायडूंनी १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार आणि १३ चौकार. हिशेब करा : ६६ आणि ५२ मिळून ११८ धावा फक्त सीमापार फटक्यांच्या, म्हणजे जवळजवळ ७७ टक्के! चुकलेल्या एकाच फटक्याने डाव संपला असता, तरी ते अकरा वेळा षटकार मारून गेले. हे आंधळं झोडपणं नव्हे. कोणता चेंडू उचलायचा हे ठाऊक असल्याशिवाय असं जमत नाही. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्याच्या वाटेवर या खेळीचा मोठा वाटा मानला जातो.

पुढे १९३२ मध्ये लॉर्ड्सवर ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. पहिल्या डावात भारताच्या १८९ मध्ये त्यांच्या ४० सर्वाधिक होत्या. त्या वेळी वय ३६! एकूण ७ कसोटींत ३५० धावा, सरासरी २५. आकडा किरकोळ वाटतो, पण तो छत्तिशी ते चाळिशीतला आहे. १९३६ मध्ये ओव्हलवर त्यांनी ८१ केल्या, ती त्यांची शेवटची कसोटी.

प्रथम श्रेणीत त्यांच्या ११,८२५ धावा आहेत. १९४५-४६ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून त्यांनी द्विशतक ठोकलं, तेव्हा पन्नाशी गाठली होती. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९६३-६४ मध्ये ६८ व्या वर्षी ते शेवटचा प्रथम श्रेणी सामना खेळले आणि १९६७ मध्ये इंदूरला गेले.

तेव्हा पुढच्या वेळी मेसमध्ये कुणी नुसते षटकार मोजायला लागला, तर त्याला एवढंच विचारा : आऊट झाला असता तर संघाला काय भावात पडलं असतं? नायडू तो भाव ओळखून मारत होते.