आनंदीबाई जोशी

आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या अमेरिकेत जाऊन वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या हिंदू स्त्री होत. त्यांना पुरते बावीस वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. पदवीमुळे त्यांचे नाव इतिहासात राहिले. मात्र त्या पदवीसाठी करावी लागलेली तयारी प्रत्यक्ष शिक्षणाहून अधिक काळ चालली होती.

बालपण आणि विवाह

कल्याणच्या जोशी घराण्यातील या मुलीचे माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट होता आणि तो ते प्रसंगी मारहाण करूनही चालवीत. त्या वागण्याचे व्रण आनंदीबाईंच्या मनावर राहिले. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, पण योग्य वैद्यकीय मदतीअभावी तो दहा दिवसांतच दगावला. वैद्यक शिकण्याच्या निश्चयाचे मूळ या घटनेत असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते.

परदेशगमनाची तयारी

गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. साहाय्याऐवजी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याची सूचना आली. ती जोशी दांपत्याने मान्य केली नाही. वाइल्डरांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात तो १८८० मध्ये, दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना, योगायोगाने आला. त्यांनी आपण होऊन पत्र पाठवले आणि दोघींमध्ये दीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. या पत्रांतून अमेरिकेत राहण्याच्या ठिकाणाचा प्रश्न सुटला आणि इंग्रजी लेखनाचा सरावही झाला.

गोपाळरावांच्या बदल्यांमुळे बिऱ्हाड अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे फिरत अखेर बंगालमध्ये पोहोचले. तेथे आनंदीबाईंची प्रकृती खालावली. डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा पाठ सोडीना. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, तरी गुण आला नाही. अशा स्थितीतही पत्नीने एकटीने जावे, असा निर्णय गोपाळरावांनी घेतला. आजारी, अठरा वर्षांची विवाहिता पतीवाचून समुद्र ओलांडणार, ही वार्ता सनातन्यांना धर्मबुडवेपणाची वाटली, तर मिशनऱ्यांपैकी काहींना तिने आधी ख्रिस्ती व्हावेसे वाटत होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. लोक विचारीत असलेले सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि त्यांची क्रमाने उत्तरे दिली. त्यांत हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकटीने का जायचे, परतल्यावर वाळीत टाकले तर काय करणार, असे प्रश्न होते. पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे सांगण्यास स्त्रिया संकोचतात, म्हणून स्त्री वैद्यांची गरज आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही त्यांनी दिली. या भाषणाची वृत्तपत्रांतून चर्चा झाली आणि त्यांच्या कार्यासाठी वर्गणीही येऊ लागली. परदेशी शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आज प्रवेशअर्जात आपला हेतू लिहावा लागतो. आनंदीबाईंना तो प्रथम आपल्याच समाजापुढे उभे राहून सांगावा लागला.

अमेरिकेतील शिक्षण

७ एप्रिल १८८३ रोजी काही अमेरिकन स्त्रियांच्या सोबतीने त्यांनी कलकत्ता सोडले आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. बंदरावर कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या. फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांना त्यांनी अर्ज केला. त्यात आपल्या तयारीतील उणिवा न लपवता, आपल्या देशभगिनींची सेवा करण्याचा हेतू मांडला. प्रवेशाबरोबर शिष्यवृत्तीही मिळाली. शाकाहार आणि लुगडे त्यांनी तेथेही सोडले नाही. फक्त घोटे झाकले जावेत म्हणून नेसण्याची पद्धत गुजराती ठेवली. कडक थंडी मात्र आधीच खंगलेल्या शरीराला मानवली नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

अखेर

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ करण्यात आले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, परंतु तोवर क्षयाने शरीर पोखरले होते आणि त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत. पुणे येथे त्यांचे निधन झाले. कॅरोलिन हीली डॉल यांनी इंग्रजीत आणि काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी त्यांच्याच जीवनावर आधारित आहे. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवलेल्या आहेत.